विहीर बुजवायची नाही

सरकारची एक पाटी असते. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं. अजिंठ्याला, वेरूळला, कार्ल्याला गेलेल्यांनी ती पाहिली असेल. हे स्मारक राष्ट्रीय महत्त्वाचं आहे, याची नासधूस केली तर गुन्हा होईल. २०१० साली कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हापासून ही शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवीन बांधकाम करायचं नाही. त्यापुढच्या दोनशे मीटरांत परवानगीशिवाय वीट रचायची नाही. दगडाला एवढं संरक्षण! २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगेंच्या घरी कायदा शंभर मीटर सोडा, दारापर्यंतही पोचला नाही.

दोस्तहो, माझं भांडण दगडाशी नाही. दगड जपला पाहिजे याच मताचा मी आहे. माझा सवाल वेगळा आहे. ती पाटी कशावर लागते, कशावर लागत नाही, आणि जिथं लागत नाही तिथं आपण काय करायचं? हा सवाल मला पुस्तकात सापडला नाही. तो आमच्या रोहण्याच्या बौद्धपुऱ्यात एका जुन्या विहिरीवरून उभा राहिला. विहिरीकडं येतोच. आधी कायदा बघू.

लॉर्ड कर्झनच्या वेळी, १९०४ साली, पुरातन वास्तूंच्या जतनाचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९५८ साली दुसरा झाला. तोच चालू आहे. त्यात प्राचीन स्मारक म्हणजे काय, तर निदान शंभर वर्षं जुनं. आता हिशेब करा. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसांनी बाबासाहेबांसोबत हजारो वर्षांची लाचारी अंगावरून उतरवून टाकली. त्या दिवसाला शंभर वर्षं व्हायला २०५६ उजाडेल. दीक्षाभूमीचा स्तूप १८ डिसेंबर २००१ ला खुला झाला, म्हणजे त्याची शंभरी २१०१ ला. तोवर कायद्याच्या लेखी आपण कालचे.

आणि शंभर वर्षं कोणाचं घर टिकतं? ज्याच्याकडं दगड आणायला बैल होते, घडवायला पाथरवट होते आणि फुकट राबायला आपण होतो, त्याचं. आमच्या आज्या-पणज्यांची घरं पऱ्हाट्यांच्या कुडाची. वरून मातीचा गिलावा, शेणाचं सारवण. दरसाल पावसाळ्याआधी कूड बदलायचा. आग लागली तर एका रात्रीत राख. शंभर वर्षांची अट म्हणजे शंभर वर्षं टिकेल असं घर ज्याला बांधता आलं त्याचाच इतिहास. बाकीचे जन्मले, राबले, मेले. त्यांच्या नावानं पाटी नाही.

रोहण्याची जुनी ओळख गढीची. इंग्रजांनी मध्य प्रांताचं गॅझेटियर लिहिलं त्यात आमच्या गावाच्या वाट्याला चार ओळी आल्या, आणि त्या ओळींत मातीच्या गढीची नोंद आहे. शिंदे नावाच्या जहागीरदारानं ती बांधली. बांधली म्हणजे काय केलं? शिंद्यांनी माती तुडवली? पाट्या वाहिल्या? गढी म्हणजे पांढऱ्या मातीचे जाड बुरूज. ती माती खणायची, भिजवायची, तुडवायची, थरावर थर चढवायचा. हे काम कोणत्या पुऱ्यातल्या पायांनी केलं हे सांगायला गॅझेटियर लागत नाही. बुरुजाच्या पायात जिवंत माणूस चिणला अशा गोष्टी महाराष्ट्रात गावोगाव सांगतात. चिणलेला माणूस त्या गोष्टीत बहुतेक वेळा महार किंवा मांग असतो. गोष्ट खरी की खोटी हे मी सांगू शकत नाही. पण लोकांना ती खरी वाटते, याचा अर्थ काय ते सांगू शकतो. आपल्या माणसाचं मढं पायात घालून वाडे उभे राहिले, हे गावाला मनातून ठाऊक आहे.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. चांगलं झालं. पण किल्ल्याच्या घेऱ्याची राखण करणारे महार, मांग, रामोशी, बेरड कुठं राहत, काय खात, याची खूण किल्ला दाखवणारा वाटाड्या दाखवत नाही. बुरूज दाखवतो, राणीवसा दाखवतो, धान्याचं कोठार दाखवतो. दरवाज्याबाहेर ज्यांनी रात्र काढली ते अजून बाहेरच आहेत.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. जपणं, सांभाळणं, लक्षात ठेवणं, ही कामं गावानं कोणाकडं दिली होती? आपल्याकडं. दोन गावांत शिवेचा तंटा लागला की महाराला बोलवत. तो डोक्यावर माती घेऊन, शपथ वाहून शीव चालून दाखवी. तो चालेल ती हद्द. पाटील-कुळकर्ण्यांच्या दप्तरात नसलेली रेघ त्याच्या पायात होती. कोणत्या बांधाखाली कोणता दगड पुरला आहे हे त्याला बापानं दाखवलेलं, बापाला आजानं. ज्याला गावात राहायची जागा नाही त्याच्याच शब्दावर गावाची जागा ठरत असे! म्हणून मला हसू येतं, जेव्हा शिकलेली माणसं म्हणतात की दलितांना इतिहासाची जाण नाही. अरे, तुमच्या शेताचा इतिहास आमच्या पायांनी सांभाळला. जतन म्हणजे साक्ष टिकवणं. हे काम आपल्या रक्तात आहे. फरक एवढाच करायचा, की आता साक्ष दुसऱ्याच्या हद्दीची नाही, आपली द्यायची.

कोणी म्हणेल, दगड टिकतो, माती कशी टिकवणार? वर्ध्याला गेलात तर सेवाग्राम बघा. ३० एप्रिल १९३६ ला गांधी तिथं राहायला गेले. तेव्हा त्या गावाचं नाव शेगाव होतं. मे महिन्याच्या सुरुवातीला बाबासाहेब त्यांना भेटायला तिथं जाऊन आले. दोघांत जे मिटायचं नव्हतं ते मिटलं नाही. तो वाद वेगळा. मला सांगायचं ते बापूकुटीबद्दल. भिंत मातीची, बांबू, वर कवेलू. आमच्या बौद्धपुऱ्यातल्या जुन्या घरांत आणि तिच्यात सामानाचा फरक काहीच नाही. ती उभी आहे, कारण दरसाल तिला लिंपणारे हात आहेत, फुटलं कवेलू बदलणारे हात आहेत, आणि त्यामागं पैसा आणि इच्छा आहे. म्हणजे माती टिकवता येते. ज्याची टिकवायची इच्छा असते त्याची टिकते. आमची माती पडली ती माती होती म्हणून पडली नाही. ती आमची होती म्हणून पडली.

आता विहीर.

आमच्या पुऱ्याच्या टोकाला ती आहे. वाटोळी, दगडी, चुन्यात बांधलेली. नळ आल्यावर तिच्यावर कोणी जात नाही. आत पिंपळ उगवला, पाण्यावर प्लास्टिक तरंगतं. पण काठाचे दगड शाबूत आहेत आणि त्या दगडांवर दोराच्या खाचा आहेत. एकेका खाचेत माझं अख्खं बोट जातं. मी सूतगिरणीत काम करतो. सूत लोखंडाला कापतं हे मी रोज बघतो. ज्या लोखंडी कडीवरून धागा पळतो तिला काही दिवसांत चरा पडतो आणि ती बदलावी लागते. तिथं धागा मिनिटाला मीटरोगणती पळतो. इथं दोर हातानं ओढलेला. बोटभर खाच पडायला किती बाया, किती वर्षं, किती घागरी लागल्या असतील, याचा हिशेब करायला बसलं तर डोकं फिरतं.

पुऱ्यात सिमेंट रस्त्याचं काम यायचं ठरलं. विहीर मधे येते. बुजवली तर रस्ता सरळ जातो. बैठक बसली. आणि मी समजत होतो तसं हे काम सोपं निघालं नाही, कारण बुजवा म्हणणारे आपलेच, आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही.

माझा मावसभाऊ उठला. जयंतीच्या मिरवणुकीत पुढं असतो, मोर्चात लाठ्या खाल्लेला पोरगा. म्हणाला, "अबे, ज्या विहिरीनं आपल्याले गावापासून येगळं ठेवलं, तिची आता आरती ओवाळतं का? बुजवून टाक. वरतून रस्ता जाऊ दे. विटाळाची खून कायले ठेवाची?"

एक वहिनी उठल्या. त्या शाळेत पोषण आहार शिजवतात. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमी पाटी लावान. उद्या माह्या पोरीच्या वर्गातली पोरं येऊन वाचतीन. मंग तिले काय म्हनतीन ते आयकाले तुमी राहान का?"

याला काय उत्तर आहे? पाटी लावणारा पुढारी भाषण करून निघून जातो, टोमणा पोरीला ऐकावा लागतो. वहिनींचा सवाल मी घरी घेऊन आलो. पुऱ्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजीकडं गेलो. तिला विचारलं, ही विहीर गावानं आपल्याला बांधून दिली का?

आजी म्हणाली, "गाव कायले देते, बापू? पह्यले आमी गावच्या विहिरीपाशी दूर बसून राहो. कोनी बाई आली, तिले दया आली, तं वरतून गुंडात पानी टाके. नाई आली तं बसा उन्हात. लेकरू घरी रडे. मंग माह्या सासऱ्याच्या येळी आपल्या मानसाईनं हे खंदली. दिवसा पाटलाचं काम, रातच्याले आपलं. कंदील लावून. बाया माती वाहत. दोन उन्हाळे लागले. पानी लागलं त्या रात्री सासरा खालीच बसून रडला म्हनते, वर येईना."

दोस्तहो, हे ऐकल्यावर विहिरीचा अर्थ माझ्यापुरता पक्का झाला. विटाळाची खूण गावच्या विहिरीवर होती. ही विहीर त्या विटाळाला दिलेलं उत्तर आहे. अर्जविनंती करून मिळालेली नाही, कोणाच्या दयेनं मिळालेली नाही. दिवसाची बारा तास वेठ करून उरलेल्या रात्रीत खोदलेली आहे. आमच्या पुऱ्यात आपल्या हातानं, आपल्यासाठी बांधलेली आणि अजून उभी असलेली ही पहिली वास्तू. रोहण्याची गढी शिंद्यांची, तर ही आमची.

मावसभावाला मी महाडची गोष्ट सांगितली. चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ ला बाबासाहेब गेले, पाणी प्याले. सवर्णांनी मंत्र म्हणून, शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून तळं शुद्ध करून घेतलं. मग कोर्टात गेले. म्हणणं असं, की तळं खाजगी आहे आणि अस्पृश्यांनी तिथं पाणी भरायचं नाही अशी फार पूर्वापार चाल आहे. दहा वर्षं खटला चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टानं सांगितलं की अशी पूर्वापार चाल सिद्ध होत नाही. बघा, लढाई कशावर आली? पुराव्यावर. तळं कोणाचं, नगरपालिकेच्या ताब्यात कधीपासून, पाणी कोण भरत होतं, कोण नव्हतं. समोरच्याकडं 'पूर्वापार' नावाचं हत्यार होतं. आपल्याकडं पुरावा होता म्हणून ते मोडलं. आता विचार करा, १९२७ नंतर आपल्याच कोणी म्हटलं असतं की हे अपमानाचं तळं आहे, बुजवा, तर आज महाडला जाऊन आपण कुठं उभे राहिलो असतो? पार्किंगमध्ये?

कोरेगावचा स्तंभ आपण बांधला नाही. कंपनी सरकारनं १ जानेवारी १८१८ च्या लढाईची आठवण म्हणून, आपल्या विजयाचा डंका वाजवायला बांधला. पण त्यावर मेलेल्या शिपायांची नावं कोरली, आणि त्यात नावाच्या शेवटी 'नाक' असलेले आपले महार होते. शंभरावर वर्षांनी, १ जानेवारी १९२७ ला, बाबासाहेब तिथं गेले आणि ती नावं आपल्याला वाचायला शिकवली. स्तंभ तोच, दगड तोच. वाचणारा बदलला आणि अर्थ बदलला. १ जानेवारी २०१८ ला तिथं जाणाऱ्यांवर दगडफेक झाली. एका जुन्या दगडाची एवढी भीती का वाटावी? कारण त्यावर नावं आहेत. नाव कोरलेलं असलं की नाकारता येत नाही. नावंच नसती, तर तिथं कोणी महार लढला नाही असं छातीठोकपणे सांगणारे प्राध्यापक गल्लोगल्ली निघाले असते.

आमच्या विदर्भातच भंडारा जिल्ह्यात पवनी आहे. १९६९-७० साली तिथं उत्खनन झालं. ज्या टेकडीला लोक जगन्नाथ टेकडी म्हणतात तिच्या पोटात बौद्ध स्तूप निघाला. वर नाव जगन्नाथाचं, खाली स्तूप! दगडांवर ब्राह्मीत दान देणाऱ्यांची नावं. जुन्नरजवळ लेण्याद्रीला अष्टविनायकातला गणपती बसला आहे, तो बौद्ध भिक्खूंच्या विहारात. म्हणून सांगतो, जागा सोडली की नाव जातं, नाव गेलं की ती जागा आपली होती हे सांगायला दोन हजार वर्षांनी कोणीतरी कुदळ घेऊन यावं लागतं. आणि तोही येईलच असं नाही.

मावसभावाचा 'विटाळाची खूण' हा मुद्दा जगातल्या इतर मार खाल्लेल्या लोकांपुढंही आला होता. पोलंडात आउश्विट्झला हिटलरच्या लोकांनी लाखो ज्यू मारले. ती छावणी पाडून तिथं बाग करता आली असती. १९४७ साली पोलंडनं कायदा करून ती ठेवली. मेलेल्यांचे जोडे, चष्मे, पेट्या ठेवल्या. १९७९ साली ती जागतिक वारशात गेली. दक्षिण आफ्रिकेत रॉबेन बेटावर मंडेला अठरा वर्षं कैदेत होते. काळ्यांचं राज्य आल्यावर तुरुंग पाडला नाही. कोठड्या तशाच ठेवल्या, आणि तिथं कैद भोगलेली माणसंच पाहुण्यांना फिरवून दाखवू लागली. सेनेगलच्या गोरे बेटावर गुलाम कोंडायचं घर आहे, तेही ठेवलं. या लोकांना अपमान कळत नव्हता? त्यांना आपल्याइतकाच कळत होता. पण त्यांना हेही कळत होतं, की अपमानाची जागा पुसली तर अपमान करणाऱ्याचं काम सोपं होतं. उद्या तो म्हणतो, असं कधी झालंच नव्हतं. आपल्याकडं म्हणायला लागलेच आहेत. गावात कुठं अस्पृश्यता होती, सगळे गुण्यागोविंदानं राहत होते, असं माझ्याच वयाची पोरं मला सांगतात. त्यांना मी आता विहिरीवर नेतो. चारशे पावलांवर गावची विहीर, इथं आमची विहीर. दोन विहिरी कशाला लागल्या, तेवढं सांग.

आता आपल्याच घरात बघू. कारण दुसऱ्यावर ओरडणं सोपं.

२५ जून २०१६ च्या पहाटे दादरचं आंबेडकर भवन बुलडोझर लावून पाडलं. त्या आवारात बाबासाहेबांच्या काळचा बुद्धभूषण प्रेस होता. आपण जे हे चार कागद छापतो, त्याची आजी ती. खिळे जुळवून, कर्ज काढून, बाबासाहेबांनी वर्तमानपत्रं चालवली. अंधारात ती जागा जमीनदोस्त झाली आणि कारण दिलं गेलं की नवी मोठी इमारत बांधायची आहे. १९ जुलैला मुंबईत पावसात प्रचंड मोर्चा निघाला. मोर्चा निघाला हा आपला जिवंतपणा. पण मोर्च्यानं भिंत परत आली नाही.

१ जुलै २०२४ ला उलटं घडलं. दीक्षाभूमीवर जमिनीखाली वाहनतळाचं काम चालू होतं, खड्डे खणले होते. स्तूपाला धोका होईल म्हणून लोक आधी सांगत होते. कोणी ऐकेना, तेव्हा हजारो माणसं जमली आणि त्याच दिवशी सरकारला कामाला स्थगिती द्यावी लागली. त्या दिवशी शंभर वर्षांची अट कोणी विचारली नाही. निळी पाटी नव्हती, निळे झेंडे होते. स्मारक कायद्यानं वाचतं, पण कायद्याला जाग आणायला माणसं लागतात, हे नागपूरनं दाखवलं.

६ डिसेंबर २०११ ला आपली माणसं मुंबईच्या इंदू मिलच्या आवारात घुसली आणि जागा मागितली. मागणी खरी होती. बारा एकर जमीन स्मारकाला मिळाली, ११ ऑक्टोबर २०१५ ला पायाभरणी झाली, पुतळ्याची उंची चौथऱ्यासह साडेचारशे फूट ठरली. मी स्मारकाच्या विरोधात नाही. पण मी गिरणीतला माणूस आहे आणि मला एक विचारायचं आहे. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला विणकाम खात्यात घेत नसत. कारण धोट्यात नवी कांडी घातली की सूत भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागे, आणि सवर्ण विणकर म्हणत, विटाळ होतो. पगार जास्त त्याच खात्यात. पाण्याचे माठही वेगळे. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला, तेव्हा कुठं तो मागण्यांत गेला. तर मग साडेचारशे फुटांच्या पायाशी एक साचा, एक धोटा, एक वेगळा माठ का नको? बाबासाहेब परळच्या बी.आय.टी. चाळीत दोन खोल्यांत वीस वर्षांवर राहिले, गिरणी कामगारांच्या शेजारी. मला त्या दोन खोल्या साडेचारशे फुटांहून मोठ्या वाटतात. तिथं उभं राहिलं की पोराला कळतं, एवढ्याशा जागेत एवढा अभ्यास झाला. मग माझ्या खोलीत का होणार नाही?

नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. पिढ्यान्‌पिढ्या आपली माणसं तिथं राबली. तिथल्या पगारावर मुलं शिकली, चळवळीला वर्गणी गेली. मिल बंद पडली, त्या जागेवर मॉल उभा राहिला. मॉलमध्ये फिरणाऱ्या आपल्याच पोराला माहीत नसतं की आपला आजा इथंच कुठंतरी कापसाच्या भुकटीत खोकत होता.

नागपूरजवळ चिचोलीला शांतिवन आहे. वामनराव गोडबोल्यांनी बाबासाहेबांचे कपडे, टाइपरायटर अशा वस्तू तिथं जपून ठेवल्या. कापडाचं मला थोडं कळतं म्हणून सांगतो. सूत तुटू नये म्हणून गिरणीत हवा दमट ठेवतात, त्यासाठी फवारे असतात. पण तोच दमटपणा पेटीतल्या जुन्या कोटाला खातो. बुरशी येते, कसर लागते. कोटाला हार घालून कोट टिकत नाही. हवा, उजेड, किडा, तिन्हींवर रोज नजर ठेवणारा माणूस लागतो. भक्ती एक दिवसाची असते, जतन रोजचं काम आहे. लंडनला किंग हेन्री रोडवरचं बाबासाहेबांचं घर सरकारनं २०१५ साली विकत घेतलं, आनंद झाला. त्याचं संग्रहालय होऊ द्यावं की नाही यावर तिथल्या कौन्सिलशी वाद झाला, २०२० साली परवानगी मिळाली. लंडनच्या घराची जेवढी काळजी केली तेवढी आपल्या पुऱ्याची करू.

कशी करायची? पैसा नाही, निळी पाटी नाही. तरी बरंच करता येतं. आम्ही काय केलं तेवढं सांगतो.

पहिलं, विहीर मोजली. घेर, खोली, दगडांचे थर. खाचा मोजल्या. फोटो काढले. कागदावर नकाशा काढला, गावची विहीर कुठं, ही कुठं, मधे किती पावलं. विहीर उद्या पडली तरी हा कागद बोलेल.

दुसरं, पिंपळ काढला. नुसता तोडला तर मुळं दगड फोडतात, म्हणून सांध्यातून मुळासकट सोडवला. गाळ उपसला. काठाला कोणी सिमेंट थापू म्हणाला, थापू दिलं नाही. जुन्या चुन्यावर सिमेंट मारलं की आतली ओल अडकते आणि दगड आतून सुटतात. चुन्याला चुनाच पाहिजे. गावात चुन्याचं काम येणारा एक म्हातारा गवंडी अजून आहे, त्याच्याकडून दोन पोरं शिकताहेत.

तिसरं, लेकरू पडू नये म्हणून लोखंडी जाळी, डास होऊ नयेत म्हणून पाण्यात गप्पी मासे. बुजवा म्हणणाऱ्यांचे हे दोन मुद्दे खरे होते, त्यांना भाषणानं उत्तर देऊन भागत नाही. रस्ता थोडा वळवला तर विहीर वाचते, हे नकाशावर दाखवून ग्रामसभेत मांडायचं ठरवलं.

चौथं, पाटी. वहिनींच्या सवालाचं उत्तर मला इथं सापडलं. पाटी दुसऱ्यानं लिहिली तर तो 'महारांची विहीर' लिहील आणि पोरीला टोमणा बसेल. म्हणून पाटी आपण लिहायची. गावानं पाणी नाकारलं तेव्हा या पुऱ्यातल्या माणसांनी दिवसाची मजुरी करून रात्री ही विहीर खोदली, आणि खाली खोदणाऱ्यांची नावं. ज्याची मान खाली जायची त्याची जाईल. पोरीची वर राहील. वहिनींना हे वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "माह्या आजसासऱ्याचं नाव आहे का त्याच्यात?" मी म्हटलं, तुम्हीच सांगा, घालतो.

मावसभाऊ अजून पुरता पटलेला नाही. तो म्हणतो, आधी पोराले नोकरी, मंग विहीर. त्याचं बरोबर आहे, आणि मी त्याला म्हणतो की दोन्ही मागू. गाळ उपसायला मात्र तो आला होता, सकाळी सहापासून.

अडलं आहे ते नावांवर. पुऱ्यातले सगळे म्हातारे-म्हाताऱ्या विचारून सात नावं मिळाली. सातही पुरुषांची. माती वाहणाऱ्या बायांचं एकही नाव कोणाला सांगता येत नाही. अमक्याची बायको, तमक्याची सून, एवढंच. आजीलाही आपल्या सासूचं माहेरचं नाव आठवत नाही. गॅझेटियरनं आपल्या बापजाद्यांची नावं गाळली म्हणून मी वर एवढा ओरडलो. आपल्याच पुऱ्यानं आपल्या बायांची गाळली, हे कुठं लिहायचं? ते पाटीवरच लिहायचं असं माझं मत आहे. सात नावांखाली तेवढीच जागा कोरी सोडायची, आणि लिहायचं की या बायांची नावं ठेवली गेली नाहीत. कोणाला एखादं नाव सापडलं तर तिथं कोरता येईल.

हा अंक ज्यांच्या हाती पडेल त्यांना एवढीच विनंती. तुमच्या गावात अशी विहीर असेल, पाणवठा असेल, पहिली शाळेची खोली असेल, ५६ च्या दीक्षेला निघालेली माणसं जिथं जमली तो पार असेल. येत्या रविवारी वही घेऊन जा. मोजा, आणि म्हाताऱ्यांना नावं विचारा. आधी म्हाताऱ्या बायांना विचारा.

जयभीम.